मुंबईच्या समोर, मुंबईपासून लांब

रेवसच्या धक्क्यावर पहिल्यांदा उतरलेला पाहुणा थोडा वेळ इकडेतिकडे बघतो आणि हमखास एक प्रश्न विचारतो: हवा स्वच्छ असली की इथून मुंबईच्या इमारती दिसतात, मग हे गाव गावच कसं राहिलं? ठाणं वाढलं, पनवेल वाढलं, खाडीपलीकडचं उरण बंदरांनी आणि गोदामांनी भरलं. रेवस मात्र रायगडच्या नकाशावर अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, होतं तिथंच आहे. भाऊच्या धक्क्यापासून सरळ रेषेत हे अंतर सतरा-अठरा किलोमीटरच्या आसपास भरतं. तेवढ्या अंतरात मुंबईत माणूस दादरहून बोरिवलीलाही पोचत नाही.

‘मागासलेपण’, ‘दुर्लक्ष’ अशी उत्तरं लगेच दिली जातात. त्यांत तथ्य नाही असं नाही, पण मला ती आळशी वाटतात. खरं उत्तर पायाखालच्या चिखलात आणि पंचांगातल्या तिथीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१. तीन नद्यांचं तोंड

रेवसच्या पश्चिमेला मुंबई बंदराचं उघडं पाणी आहे आणि पूर्वेला धरमतरची खाडी. समोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर, उरण तालुक्यातलं करंजा. त्याच्यामागे द्रोणागिरीचा डोंगर दिसतो. करंजाला होडीने किंवा लाँचने जायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. गाडीने जायचं तर पोयनाड, वडखळ, पेण असा सगळा खाडीभोवतीचा वळसा घालावा लागतो. म्हणून रेवसच्या माणसाला ‘जवळ’ आणि ‘लांब’ हे शब्द वापरताना पाण्यातून की जमिनीवरून, हे आधी ठरवावं लागतं. जुन्या सोयरिकी पाहिल्या तर बहुतेक घरांनी पाण्यातूनच मोजलेलं दिसतं: करंजा, मोरा, बोडणी, मांडवा.

या खाडीत तीन नद्या येतात. बोरघाटाच्या बाजूने येणारी अंबा, पेणवरून येणारी भोगावती आणि खोपोलीकडून येणारी पाताळगंगा. सह्याद्रीच्या या पट्ट्यातल्या पश्चिम उतारावर दर पावसाळ्यात जे धुऊन निघतं त्याचा मोठा वाटा या खाडीच्या तोंडाशी, म्हणजे रेवस आणि करंजाच्या मधे येतो.

२. चिखल इथंच का साचतो?

नदीचं पाणी गढूळ असतं कारण त्यात मातीचे अतिशय बारीक कण तरंगत असतात. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना दूर ढकलतात आणि लवकर खाली बसत नाहीत. खारं पाणी मिसळलं की ही ढकलाढकल संपते. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, पुंजके जड होऊन तळाशी जातात. आजीच्या काळी पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवत, तिथं जे घडे तेच इथं खाडीच्या तोंडाशी घडतं. समुद्राचं मीठ तुरटीचं काम करतं.

त्यामुळे थळ, किहीम, आवासला पांढरट वाळूच्या पुळणी आहेत आणि तिथून थोडं उत्तर-पूर्वेला वळलं की रेवसला काळा, मऊ, गुडघाभर चिखल आहे. उघड्या समुद्राच्या लाटा बारीक गाळ टिकू देत नाहीत, वाळू तेवढी ठेवतात. आडोशाच्या खाडीत लाटांचा जोर नसतो, गाळ बसतो. किहीम-आवासला मुंबईकरांचे बंगले झाले आणि रेवसला झाले नाहीत, यामागचं पहिलं कारण एवढं साधं आहे. चिखलावर कोणी सुट्टी घालवायला येत नाही.

पण चिखल म्हणजे नापीक जागा, हा वाळूवाल्यांचा समज. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या या काळ्या पट्ट्यात निवटी असतात, चिंबोऱ्या असतात, खुबे असतात. निवटी हा चिखलावर उड्या मारत फिरणारा, हवेत बराच वेळ तग धरणारा मासा आहे. बिळात हात घालून तो पकडायचा असतो आणि हे काम येरागबाळ्याचं नव्हे. आगरी-कोळी घरांत निवट्यांच्या कालवणाला जो मान आहे तो शहरी हॉटेलांतल्या पापलेटला नाही. बोटांएवढ्या माशाचं एवढं काय, असं विचारणाऱ्याने तो एकदा खाऊन पाहावा.

३. तिथीची पाऊणपट

आता भरती-ओहोटी. तिच्याशिवाय रेवसमधली एकही गोष्ट समजत नाही, लाँचचं वेळापत्रकसुद्धा.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. हे मुख्यतः चंद्राच्या ओढीने होतं आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो. म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. आज दुपारी तीनला पाणी भरलं तर उद्या चारच्या थोडं आधी भरेल. घड्याळ बाळगणाऱ्या माणसाला हा हिशेब त्रासाचा वाटतो, पण कोकणच्या किनाऱ्यावर त्याला एक सोपी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते.

उदाहरण घेऊ. आज चतुर्थी आहे. चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी संपते, म्हणजे एक वेळ कळली की चारही वेळा कळल्या.

यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, कारण रीत तोंडी हिशेबासाठी आहे. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. तीन मिनिटांवर पाणी सोडलं आणि गणित बोटांवर आणलं.

वेळेइतकंच महत्त्वाचं आहे पाणी किती चढतं ते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, चढ-उतार बेताचा राहतो. हा भांग. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी साडेचार मीटरच्या आसपास वरखाली होते, भांगाला दीड-दोन मीटर.

आता हा आकडा चिखलावर ठेवून पाहू. समजा किनाऱ्याचा उतार इतका मंद आहे की दोनशे मीटर चाललं की जमीन एक मीटर खाली जाते. भांगात पाणी दीड मीटर उतरलं तर तीनशे मीटर चिखल उघडा पडेल. उधाणात साडेचार मीटर उतरलं तर नऊशे मीटर. म्हणजे बोट ज्या पाण्यात सकाळी तरंगत होती तिथं दुपारी चालत जाता येतं, गुडघ्यापर्यंत रुतत का होईना. धक्का कितीही लांब बांधा, गाळ दरवर्षी त्याच्या मागे येतो. मोठ्या ओहोटीला रेवसची लाँच थांबते किंवा वेळ बदलते, त्याचं कारण हेच. खोल पाण्याची वाट मुंबईच्या बाजूला आहे, मोठी जहाजं तिथून जातात. रेवसच्या वाट्याला बंदराची उथळ बाजू आली. रेवस–आवरे असं मोठं बंदर करायच्या गोष्टी झाल्या, पण गाळ काढण्याचा प्रश्न त्यांच्याही पुढे उभा होता.

एक गोष्ट मात्र या उथळ, आडोशाच्या जागेने रेवसला दिली. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच जूनमध्ये बंद होतात, कारण पावसाळ्यात तिकडचं पाणी खवळतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणारी लाँच, हवामानाने अगदीच आडकाठी केली नाही तर, पावसाळ्यातही चालते. २०२० च्या मार्चमध्ये मांडव्याला रो-रो बोट सुरू होईपर्यंत अलिबागकडच्या माणसाला पावसात मुंबईला पाण्याने जायचं तर रेवसशिवाय वाट नव्हती.

४. डोलीचं घड्याळ

रेवस आणि शेजारच्या बोडणीतल्या कोळ्यांची जुनी मासेमारी डोलीची. डोल म्हणजे लांब, निमुळतं होत जाणारं पिशवीसारखं जाळं. तोंड रुंद, शेपूट अरुंद. ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात आणि पाण्याचा ओढ मासळी आत आणतो. कोळी माशाच्या मागे जात नाही, पाणी मासा घेऊन येतं. भरतीचा ओढ संपून ओहोटीचा सुरू होण्याआधी काही काळ पाणी थबकतं. त्या थोड्या वेळात जाळं उचलायचं, शेपटाची गाठ सोडून मासळी होडीत रिकामी करायची. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, ढोमी, जे ओढात सापडेल ते येतं.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. ओढ जितका जोराचा, मासळी तितकी जास्त. उधाणाला कामाची घाई, भांगाला हात रिकामे. म्हणून डोलकराचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही. त्याच्या कामाचं चक्र पंधरा दिवसांचं असतं आणि त्यात रात्र-दिवस असा फरक नसतो. भरती पहाटे तीनला असेल तर काम पहाटे तीनला. भांगाच्या दिवसांत जाळी विणायची, होडी दुरुस्त करायची, लग्नाची बोलणी करायची.

मासळी किनाऱ्याला लागली की पुरुषाचं काम संपतं आणि बाईचं सुरू होतं. निवडणं, सुकवणं, पाट्या भरणं, बाजार गाठणं, भाव करणं, पैसे सांभाळणं. कोळी घरातला व्यवहार बाईच्या हातात असतो असं लोक कौतुकाने म्हणतात. कौतुकाच्या पोटात पहाटेची लाँच आणि डोक्यावरचं ओझंही आहे, हे विसरू नये.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा काळ म्हणून सरकारने ती घातली, पण तिच्या कितीतरी आधीपासून पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला पाण्यात लोटायची रीत आहेच. सरकारी तारीख इंग्रजी महिन्यांनी चालते, सण तिथीने. दोन्हींत काही वर्षी बरंच अंतर पडतं आणि त्यावरून दरवर्षी थोडी कुरकुर होते.

५. भरतीच्या पातळीखालचं भाताचं शेत

रेवसहून अलिबाग-पोयनाडकडे जाताना रस्त्याच्या बाजूला सपाट, झाडं नसलेली शेतं लागतात. हा खारेपाट. इथं राहणारे बहुतांश आगरी. कोळ्याचं पाणी आणि आगऱ्याची जमीन असं ढोबळ वाटप सांगतात, पण ही जमीनसुद्धा पाण्यातूनच काढलेली आहे.

ती अशी काढतात. खाडीकाठच्या चिखलाभोवती मातीचा बांध घालायचा. बांधात ठिकठिकाणी उघाड्या ठेवायच्या. उघाडी म्हणजे बांधातून जाणारी वाट, जिच्या बाहेरच्या तोंडाला लाकडी झडप असते. बाहेर भरती चढली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते आणि खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून निघून जातं. माणसाने हात लावायची गरज नाही, भरती-ओहोटी स्वतःच दार उघडझाप करते. आतली शेतं उधाणाच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर असतात, म्हणजे दर अमावास्या-पौर्णिमेला बाहेर शेतापेक्षा उंच समुद्र उभा असतो आणि मधे फक्त बांध.

आत राहिलेलं मीठ कोण काढतं? पाऊस. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर दोन मीटर पाणी म्हणजे दोनशे घनमीटर, म्हणजेच एका गुंठ्याला दोन लाख लिटर गोडं पाणी. एवढ्या धुण्याने वरच्या थरातलं मीठ खाली जातं किंवा उघाडीतून बाहेर पडतं आणि भाताला चार महिने मिळतात. माती इतकी चिकट की बऱ्याच ठिकाणी मोड आलेलं बी चिखलावर फेकून पेरतात. तिला रहू म्हणतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तगणारे भाताचे वाण काढले आणि त्यांना पनवेल-१, पनवेल-२ अशी सरळ नावं दिली. पावसाळा संपला की मीठ पुन्हा वर येतं आणि दुसरं पीक बहुतेक होत नाही.

घराजवळच्या तळ्यात मात्र जिताडा असतो. खाडीतली त्याची पिल्लं आणून गोड्या पाण्यात सोडतात, कारण हा मासा दोन्ही पाण्यांत वाढतो. जिताडा जन्मभर एकाच लिंगाचा राहत नाही. आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. पाहुण्याला जिताडा वाढणं हा खारेपाटातला सर्वांत मोठा पाहुणचार, आणि साहेबाला पोचवणं हा, लोक हसत सांगतात त्याप्रमाणे, काम करून घ्यायचा जुना मार्ग.

बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड गेली म्हणतात. खांड गेली की एका भरतीत वर्षानुवर्षांची धुलाई वाया जाते आणि जमीन पुन्हा पिकायला दोन-तीन पावसाळे लागतात. बांध एकाचा नसतो, सगळ्यांचा असतो. एकाच्या शेतापुढचा तुकडा फुटला तरी पाणी सगळ्यांच्या शेतात पसरतं. त्यामुळे उधाणाच्या रात्री गावाने मिळून बांधावर जाणं ही इथली खरी सहकारी संस्था होती.

आणि हेच भांडणाचं मूळही झालं. खोतीच्या काळात बांध राखायचा, खांड बांधायची ती कुळांनी, आणि पिकाचा मोठा वाटा न्यायचा खोताने. याविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावात संप जाहीर झाला. खारेपाटातल्या पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी जमीन कसायचंच थांबवलं आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षं, लाकूडफाटा विकून, मजुरी करून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला येऊन गेले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. चरी रेवसपासून फार लांब नाही. शेतकऱ्यांचा इतका लांबलेला संप देशात दुसरा शोधायला कष्ट पडतील, तरी शाळेच्या पुस्तकांत त्याला मिळालेली जागा फारच थोडी आहे.

६. १७ जुलै १९४७

रेवसचं नाव मुंबईबाहेर बहुतेकांनी ऐकलं ते एका अपघातामुळे. त्या गुरुवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ नावाची आगबोट रेवसकडे निघाली. पुढे गटारी होती, म्हणजे आषाढ अमावास्या. मुंबईत गिरण्यांत आणि गोदीत काम करणारे चाकरमाने, खरेदी करून परतणाऱ्या बायका, मुलं, अशी सातशेच्या आसपास माणसं बोटीत होती. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं.

आपल्या पाऊणपटीच्या हिशेबाने पाहिलं तर त्या दिवशी पूर्ण भरती अकराच्या सुमाराला, म्हणजे बोट वाटेत होती तेव्हा, साडेआठच्या आसपास, पाणी जोरात चढत होतं, तेही उधाणाचं. वरून जुलैचा वारा आणि पाऊस. काश्याच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, बोट आणखी कलली आणि काही मिनिटांत उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. नेमका आकडा वेगवेगळा सांगितला जातो, कारण बोटीत किती जण होते याची पक्की नोंदच नव्हती.

मुंबईकडे मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्या त्या पाण्यात होत्या. त्यांनी मासळी टाकून माणसं भरली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. बातमी मुंबईला पोचायला दुपार झाली, आणि तीही लाटांवर तरंगत किनाऱ्याला लागलेल्या रेवसच्याच एका लहान मुलाकडून कळली, असं सांगतात. याच किनाऱ्यावर १९२७ मध्ये ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या होत्या. वीस वर्षांत संदेशयंत्र बसवायला कोणाला सुचलं नव्हतं.

रेवस परिसरातल्या घरांत ‘रामदास’ ही आजही नातेवाइकांच्या नावांनी सांगितली जाते. मुंबई मात्र ती लवकर विसरली. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं, फाळणीच्या बातम्या आल्या, आणि कोकणातली सहाशे माणसं मागच्या पानावर गेली.

७. पुलाचं गणित

आता सुरुवातीच्या प्रश्नाला आणखी एक पदर जोडता येतो. चिखलामुळे मोठं बंदर झालं नाही, खाडीमुळे रस्ता झाला नाही, म्हणून मुंबई इथवर आली नाही. यातली दुसरी अडचण हटते आहे.

१९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या, मूळच्या रायगडच्याच बॅरिस्टर अंतुल्यांनी कोकणचा सागरी मार्ग मनावर घेतला. त्या मार्गाचं एक टोक सिंधुदुर्गातलं रेड्डी आणि दुसरं रेवस. रेवस–करंजा पुलाची कल्पनाही तेव्हाचीच. मधली चार दशकं पूल निवडणुकीच्या भाषणांत दर पाच वर्षांनी बांधला गेला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा अटल सेतू सुरू झाला आणि उरणची बाजू मुंबईला जोडली गेली. आता रेवस–करंजा पुलाच्या कामाला सुरुवात झाली आहे. तो झाला की आज शंभर किलोमीटरहून लांब पडणारी रस्त्याची मुंबई तासा-दीड तासावर येईल.

ज्याने आजारी माणसाला ओहोटीच्या वेळी धक्क्यावर ताटकळत ठेवलेलं पाहिलं आहे, तो पुलाला विरोध करणार नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलींना, मासळी नेणाऱ्या बायकांना पूल हवाच. लाँच चालवणाऱ्यांचं काय होईल, हा प्रश्न आहे, पण तो सगळ्यांना दिसतो आहे.

मला न दिसणाऱ्या प्रश्नाची जास्त काळजी वाटते, आणि तो बांधाचा आहे. खारेपाटात जमिनी विकल्या जाऊ लागल्या की विकत घेणारा गुंतवणूकदार शेत पडीक ठेवतो. पडीक शेताचा बांध कोणी पाहत नाही. तिथं खांड गेली की पाणी त्याच्याच नव्हे, शेजारच्या कसणाऱ्याच्याही जमिनीत शिरतं. खारं पाणी येत राहिलं की काही वर्षांत तिथं तिवरं उगवतात. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, ते असायलाही हवं, कारण लाटा अडवायला आणि माशांच्या पिल्लांना आसरा द्यायला त्यांच्यासारखं काही नाही. पण मग ज्याचं शेत होतं त्याला ती जागा परत भाताखाली आणता येत नाही. न विकणारा शेतकरी न विकताच जमीन घालवून बसतो. खारभूमीसाठी १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली कायदे झाले, सरकारी योजनांतले बांध सरकारने राखायचे ठरले. खाजगी बांधांची जबाबदारी मालकांवर राहिली, आणि मालक मुंबईत राहायला लागला तर ती वसूल कशी करायची, याची तरतूद पुलाच्या आराखड्यात शोधून उपयोग नाही. ती ग्रामसभेत, जमिनीचा व्यवहार होण्याआधी, कागदावर घ्यावी लागेल: सातबारावर नाव चढेल त्याने उधाणाआधी बांधाच्या आपल्या तुकड्याची माती भरली पाहिजे, नाहीतर गाव भरेल आणि खर्च त्याच्याकडून घेईल.